थांबण्याचा सराव

रेडिओ केंद्रावर त्याला सगळे ‘कात्री’ म्हणत. थेट कार्यक्रमात श्रोत्यांचे फोन येत, तेव्हा त्यांचा आवाज आधी यंत्राच्या पोटात सात सेकंद मुरे आणि मग हवेत जाई. त्या सात सेकंदांवर त्याची सत्ता होती. कुणी शिवी हासडली, कुणी शेजाऱ्याचे नाव घेऊन चिखल उडवला, की त्याचे बोट एका चौकोनी पांढऱ्या बटणावर पडे आणि ते वाक्य जगात येण्याआधीच नाहीसे होई. ऐकणाऱ्यांना वाटे, फोन कटला. न जन्मलेल्या वाक्यांचे एक भलेमोठे स्मशान त्याच्या कानांत होते. त्याविषयी तो कुणाशी बोलत नसे.

शेजारचे हिरवे बटण शांततेसाठी होते. फोनवरचे माणूस अडले, रडू लागले, विचारात हरवले आणि काहीच ऐकू येईनासे झाले, की पाच सेकंदांनी भिंतीवरचा लाल दिवा लागे. दिवा लागला की हिरवे बटण दाबून संगीत सोडायचे, हा नियम. “रेडिओ गप्प झाला की लोकांना वाटतं, केंद्र मेलं,” केंद्रप्रमुख म्हणत, “आणि मढ्याला कुणी जाहिराती देत नाही.” कात्रीला आता दिव्याची गरज उरली नव्हती. तिसऱ्या सेकंदालाच त्याच्या मानेवर मुंग्या चढत आणि बोट आपोआप हिरव्याकडे सरके.

त्याच्या लेकीच्या बोलण्यात अशी शांतता ठायी ठायी होती.

ठमी अकरा वर्षांची. ती अक्षरे पुन्हा पुन्हा म्हणत अडखळत नसे. शब्दाच्या उंबऱ्याशी येऊन नुसती उभी राही. ओठ मिटलेले, गळ्याची शीर ताठ, नजर कुठेतरी बाजूला. दार आतून लावलेले आहे आणि ठोठावायची लाज वाटते आहे, अशी. ओठ मिटून सुरू होणारी अक्षरे तिला सर्वांत जड. ‘आई’ उघड्या तोंडाने निघून जाई. ‘बाबा’ म्हणण्यासाठी आधी ओठ मिटावे लागत, आणि मिटलेले ओठ मग ऐकत नसत.

वाचा-उपचाराच्या बाईंनी एकच पथ्य सांगितले होते. “तिचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही. तुम्हाला ती मदत वाटते. तिला वाटतं, तोंडातला घास कुणीतरी काढून घेतला.” आईने ते पाळले. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवण्याचे काम करी. कणभर जास्त घासले की काच वाया जाते, हे तिच्या बोटांना ठाऊक होते. बाप मात्र तिसऱ्या सेकंदाला बटण दाबी. ‘पाणी’, ‘पुस्तक’, ‘मैत्रीण’ असे शब्द तो तिच्या हातात कोंबत राही, आणि ते बहुधा चुकीचे असत. तिला ‘पेन्सिल’ म्हणायचे असे.

एका दुपारी ठमीचा मामा जेवायला आला.

“कितवीत गं आता तू?” त्याने विचारले.

ठमीने ओठ मिटले. ताटांवरचे हात थांबले. कुणीतरी खुर्ची सरकवली.

“पाचवीत! पाचवीत! ओक की एकदाचं!”

हा आवाज आपला आहे, हे त्याला वाक्य संपल्यावर कळले. सात सेकंद मिळाले असते तर ते वाक्य त्याने स्वतःच कापले असते. पण घरात तसले यंत्र नव्हते. ठमीने पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला, आणि त्या दिवसापासून ती त्याच्याशी फक्त मानेने बोलू लागली. हो. नाही. कोण जाणे.

“तुझी किल्ली दारात फिरली की तिचा आवाज बंद होतो,” बायको म्हणाली. ती ओट्याशी ताटे पुसत होती आणि त्याच्याकडे पाहत नव्हती. “तू नसलास की बोलते. अडते, पण बोलते. काल शाळेतल्या भांडणाची अख्खी गोष्ट सांगितली.”

“मी काय मुद्दाम करतो?”

“नाही ना! मुद्दाम करत असतास तर ‘नको करूस’ म्हटलं असतं आणि विषय मिटला असता.”

“जिभेला हाड नसतं गं.”

“असतं काय, नसतं काय. सुट्टी लागली की मी तिला घेऊन दादाकडे जातेय. तिथल्या शाळेत विचारून ठेवलंय.” तिने ताट जागेवर ठेवले. “पाहुणी म्हणून नाही. राहायला.”

त्याच्या ओठांवर खूप काही आले, आणि नेहमीप्रमाणे ते सगळे बाहेर पडले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले, फडके पिळले, खिडकीत वाळत घातले.

*

मेंदूच्या प्रयोगशाळेची जाहिरात त्याने रुग्णालयाच्या भिंतीवर पाहिली, कानाची वार्षिक तपासणी करायला गेला होता तेव्हा. उतावळेपणावर ताबा मिळवण्याच्या अभ्यासासाठी माणसे हवी होती. संशोधिका त्याच्यापेक्षा वयाने बरीच लहान होती आणि प्रत्येक आश्वासनाआधी ‘कदाचित’ म्हणत होती.

“इथे,” तिने स्वतःच्या कपाळाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट टेकवले, “याच्या मागे एक भाग आहे. सुरू झालेली कृती मध्येच आवरायची असली की तो कामाला लागतो. आपण तिथून अगदी बारीक प्रवाह सोडतो, आणि त्याच वेळी तुम्हाला थांबण्याचा सराव देतो.”

“म्हणजे ब्रेकला तेल घालता.”

“तेल लागतं की नाही, तेच तर बघतोय.”

“शॉक बसतो?”

“लहानपणी जिभेला बॅटरी लावून पाहिलीय कधी?”

“पाहिलीय. आईचा मारही खाल्लाय.”

“तेवढीच चुणचुण. मार नाही.” ती हसली आणि लगेच गंभीर झाली. “हे औषध नाही, प्रयोग आहे. कदाचित उपयोग होईल, कदाचित काहीच होणार नाही. आणखी एक: भाग घेणाऱ्यांपैकी अर्ध्यांना खरा प्रवाह मिळतो. उरलेल्यांना सुरुवातीची चुणचुण तेवढी, मग यंत्र गुपचूप बंद. कोण कुठल्या गटात, ते प्रयोग संपेपर्यंत मलाही कळणार नाही.”

त्याने मान डोलावली. बुडत्याला काडीचा आधार पुरतो. काडी सुकी की ओली हे तो विचारत नाही.

मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज रबरी पट्ट्याने त्याच्या डोक्याला बांधले जात. पाण्याचा एक थेंब हमखास भुवईवरून ओघळे. आधी खाज, मग ऊब, मग काहीच नाही. पडद्यावर बाण येई: डावा आला की डावी कळ, उजवा आला की उजवी, जितके चटकन जमेल तितके चटकन. मात्र मध्येच एखाद्या बाणापाठोपाठ टिंग असा बारीक आवाज होई; तो आला की निघालेले बोट जागच्या जागी रोखायचे. गंमत अशी, की तुम्ही थांबायला शिकलात की यंत्र तो आवाज थोडा उशिरा काढी. मग तुम्ही हरत. हरलात की ते जरा सैल पडे. निम्म्या वेळा तुम्ही हरलाच पाहिजे, अशीच त्याची रचना होती. कात्रीला हे यंत्र ओळखीचे वाटले. देव नावाची जी काही व्यवस्था आहे, ती याच हिशेबाने चालत असावी.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ठमी शाळेचा बूट हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. आई घरात नव्हती, नाहीतर ती त्याच्याकडे आली नसती.

“याचा तळ—” ती म्हणाली आणि अडली.

मानेवर मुंग्या आल्या. ‘फाटलाय, निघालाय, सुटलाय’ असे तिन्ही शब्द त्याच्या जिभेवर एकदम येऊन उभे राहिले. आणि मग आत कुठेतरी, उजव्या कपाळामागे, टिंग. जीभ जागच्या जागी थांबली. बूट तिच्या हातात हलत होता. घड्याळ चालत होते. तिच्या मिटलेल्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या आणि हळूच पुन्हा लाल झाल्या.

“—भिजलाय,” ठमी म्हणाली. “आतून. आत्ताच वाळत घालायचा का, की उद्या उन्हात ठेवू?”

त्याच्या तिन्ही शब्दांत ‘भिजलाय’ नव्हता. त्याला एकाएकी रडू येईलसे वाटले, आणि तेही आले नाही, तेही थांबले.

तेव्हापासून ती पुन्हा बोलू लागली, जपून, नव्या बर्फावर पाऊल टाकावे तशी. आईने ते पाहिले. माळ्यावरून काढून ठेवलेली मोठी बॅग तिने पलंगाखाली ढकलली.

पण थांबण्याला पत्ता नसतो. जीभ तेवढी थांबव, असे त्याला सांगून ठेवता येईना. ठमी एकदा धावत आली. तिचे हात पसरलेले, त्याचेही उचलायला निघालेले, आणि मध्येच टिंग. ती येऊन छातीवर आदळली तेव्हा त्याचे हात अजून कमरेपर्यंतच आले होते. आणखी एकदा बायको केस कापून आली.

“कशी दिसतेय?”

पूर्वी तो म्हणाला असता, ‘त्या न्हाव्याचं तू काय घोडं मारलंस?’ आणि तिने उशी फेकून मारली असती. आता तो थांबला. ती आरशाकडे वळली.

“पूर्वी तुझं बोलून संपायचं,” ती म्हणाली. “वाईट असायचं, पण संपायचं. आता तू थांबतोस, आणि त्या थांबण्यात काय काय असेल ते मीच भरत बसते. तू बोलायचास त्याहून वाईट भरते.”

“छान दिसतेस.”

“उशीर झाला रे,” ती हसत म्हणाली, आणि ते हसणे त्याला दिवसभर पुरले.

*

तो फोन एका गोड आवाजाच्या म्हाताऱ्याचा होता.

‘सांजफोन’ हा कार्यक्रम साधा होता: फोन करा, मनातले सांगा, आवडीचे गाणे मागा. काचेपलीकडे बसणारी निवेदिका कुणालाही दोन वाक्यांत आपलेसे करी. म्हाताऱ्याने जुने गाणे मागितले, तिच्या आवाजाची तारीफ केली, आणि मग त्याच मधाळ सुरात शेजारच्या पाळणाघर चालवणाऱ्या बाईचे नाव घेतले, आडनावासकट. ती पोरांना झोपेचे औषध पाजते, म्हणाला.

कात्रीचे बोट निघाले. त्या वाक्याने त्याच्या कानात टिंग केले, आणि बोट थांबले.

दाबायचे नाही, हेच तर तो आठवडेच्या आठवडे शिकत होता. धोक्याची सूचना आली की बोट रोखायचे. आणि त्याचे सारे पोट ज्या कामावर चालत होते, त्यात सूचना आली की बोट टाकायचे होते. हे दोन नियम एकाच हातात राहायला आले होते, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले. बोट बटणावर केसभर अंतरावर लटकत राहिले. सात सेकंद उलटले. खोलीतल्या ध्वनिक्षेपकातून म्हातारा पुन्हा बोलला, या वेळी सगळ्या गावाशी.

“कात्री?” निवेदिका टॉकबॅकवर, फक्त त्याच्याच कानात जाईल अशी, कुजबुजली. “झोपलास का रे?”

आरोप खोटा होता. म्हाताऱ्याचे आणि त्या बाईचे कुंपणावरून भांडण होते. पण दुसऱ्या दिवशी आयांनी आपापली मुले पाळणाघरातून काढून नेली. बाई केंद्रावर आली. स्वागतकक्षातल्या बाकावर ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तो तिच्यासमोरून गेला. माफी मागायची म्हणून वळला, आणि वळता वळता थांबला. पुन्हा वळेपर्यंत बाक रिकामा होता.

“इतक्या वर्षांत एकदाही नाही,” केंद्रप्रमुख म्हणाले, “म्हणून सोडतोय. आणखी एक चूक, मग ती शांततेची असो की शिवीची, आणि त्या खुर्चीत दुसरा बसेल. कात्रीची धार गेली की तिला खोक्यात टाकतात, माहीत आहे ना?”

त्याने सगळे संशोधिकेला सांगितले. पट्टा बांधायला उचललेले तिचे हात खाली आले.

“तुम्ही हे बटणाचं काम करता, हे मला सांगितलं नव्हतंत.”

“तुम्ही विचारलं नव्हतंत. मी ध्वनितंत्रज्ञ म्हणालो, तुम्ही मान डोलावलीत.”

“हो. चूक माझी.” ती स्पंज पिळत राहिली. पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेले तरी तिचे लक्ष नव्हते. “तुम्हाला मी पुढे घेऊ शकत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न आहे.”

“मॅडम, पोरगी बोलायला लागलीय हो माझी. सुट्टीपर्यंत तरी.”

“नाही.”

“मग निदान एवढं सांगा. माझ्या डोक्यातून काही गेलं होतं की नाही?”

“ते मलाही माहीत नाही. तुम्हाला सांगितलं होतं मी.”

“मग तिथे थांबत होता तो कोण?”

तिने ‘कदाचित’ म्हटले नाही. “तुम्ही,” ती म्हणाली. “दोन्ही बाबतींत तुम्हीच. प्रवाह फार तर धक्का देतो. तो कुणाच्या वतीने निर्णय घेत नाही.”

तो जिना उतरला. तिच्या उत्तरावर विश्वास ठेवावा, तर पाळणाघरवाल्या बाईचा गुन्हेगारही तोच ठरत होता. न ठेवावा, तर भिजलेल्या बुटासमोर धीराने उभा राहिलेला बाप कुणी दुसराच होता. माणसाने आपल्या चांगुलपणाचे श्रेय घ्यावे आणि पापाचे बिल विजेच्या नावावर फाडावे, एवढा निर्लज्जपणा त्याच्यात नव्हता. आणि याच्या उलट करण्याएवढे बळही.

*

आता आपण पुन्हा पूर्वीचे होणार, या भीतीने त्याला धरले. विझलेल्या चुलीतली ऊब किती वेळ टिकते, हे तो स्वतःच्या कपाळाला हात लावून तपासत राहिला. ठमीच्या एखाद्या अडलेल्या शब्दापुढे आपण पुन्हा ओरडू, आणि या वेळी ते कायमचे असेल. मग त्याने एकच शहाणपण केले, जे भित्री माणसे करतात: तो तिच्या वाऱ्याला उभा राहीना. ती खोलीत आली की तो गॅलरीत जाई. ती बोलू लागली की त्याला फोन आठवे, नळ आठवे, कोपऱ्यावरचे दुकान आठवे. “थांब हं, आलोच,” तो म्हणे, आणि येत नसे. ठमीने त्याच्यामागे एक-दोन खोल्या चालून पाहिले. मग तिने तेही सोडले.

पलंगाखालची बॅग बाहेर आली. बायकोने तिची चेन दुरुस्त करून आणली.

सुट्टी उद्यावर आली होती. ‘सांजफोन’ अर्धा झाला होता. निवेदिकेने पुढचा फोन घेतला.

“नमस्कार, कोण बोलतंय?”

श्वास. त्याने हेडफोन कानांवर दाबून धरला. हजार श्वासांतून त्याने तो ओळखला असता. अडण्याआधीचा, नाकाने आत ओढलेला, काठावर उभा असलेला श्वास.

“इकडून ठमी,” ती म्हणाली. ‘मी ठमी बोलतेय’ म्हणायला आणखी दोनदा ओठ मिटावे लागले असते. तिने वाक्य आधीच घासूनपुसून बसवून आणले होते. आईची लेक.

“अरे वा, ठमी! कुणासाठी गाणं लावू या?”

“गाणं नकोय. एक सांगायचंय. इथे रेडिओवर, कारण इथून त्यांना उठून जाता येत नाही.”

निवेदिका हसली. “कुणाला गं?”

“आमच्या—”

आणि ठमी थांबली.

तिच्यापुढे तो एकच शब्द होता, ज्याला दुसरी वाट नव्हती. तिचे ओठ समोर नसतानाही त्याला दिसले. तिसऱ्या सेकंदाला मुंग्या मानेवर चढल्या. त्याचे बोट हिरव्याकडे सरकले. भिंतीवरचा दिवा लाल झाला.

काचेपलीकडे निवेदिकेने माइकची कळ बंद केली आणि पाण्याची बाटली उघडली. दिवा लागला, आता संगीत येणार, तिच्यापुरता प्रश्न संपला होता. संगीत आले नाही. तिने वर पाहिले. बाटली तोंडापाशीच राहिली.

शांतता आत येत होती आणि यंत्राच्या पोटात साठत होती. टेलिफोनवरचा छोटा दिवा लुकलुकू लागला, केंद्रप्रमुखांचा; लाल दिवा त्यांच्या खोलीतही लागे. त्याचे बोट हिरव्या बटणावर टेकलेले होते, इतके, की त्याच्या कडेची गुळगुळीत खाच त्याला जाणवत होती. दाबायला हवे, असे अंगातला प्रत्येक स्नायू सांगत होता. ‘बाबांना’ हा शब्द त्याच्या स्वतःच्या तोंडात येऊन दातांवर धडका देत होता. आणि बोट दाबले जात नव्हते. त्याने आत शोधले: हे कोण थांबवते आहे? टिंग ऐकू आले नाही. कपाळ थंड होते. मागच्या वेळी म्हाताऱ्यापुढे बोट असेच लटकले होते, अगदी असेच; त्या लटकण्यात आणि या लटकण्यात कुठे काही फरक आहे का, हे तो अंधारात हात फिरवून पाहत राहिला, आणि त्याच्या हाताला काही लागले नाही.

“—बाबांना,” ठमी म्हणाली.

श्वास.

“सांगायचं होतं, की मला वेळ लागतो. पण मी पोचते.”

मला. पण. मी. पोचते. ओठ मिटणारे चार शब्द, आणि तिने एकही टाळला नव्हता. प्रत्येकाच्या आधी एक छोटा दरवाजा होता आणि तो उघडला होता. तिने फोन ठेवला.

मग खोलीतल्या ध्वनिक्षेपकातून गावाला ऐकू जाणारा आवाज मागून चालत आला. तीच शांतता त्याला दुसऱ्यांदा ऐकायची होती. पहिल्यांदा ती विहिरीसारखी होती. या वेळी पलीकडे काय आहे ते त्याला ठाऊक होते, आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्याला ती अधिक असह्य झाली. गावातल्या स्वयंपाकघरांत, दुकानांत, सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांत, त्याच्या लेकीचे मिटलेले ओठ उघडण्याची वाट पाहणारी माणसे असतील. काहींनी केंद्र बदललेही असेल.

“उठा,” दारातून केंद्रप्रमुख म्हणाले. ते रागावलेले नव्हते; तेच वाईट होते. “उद्यापासून ध्वनिफितींच्या खोलीत बसा. तिथे कापायचं काही नसतं.”

निवेदिका बाहेर आली आणि त्याच्या हातातून हेडफोन तिने हलकेच काढून घेतला. “तुझी होती ना रे?” तिने विचारले. त्याने मान हलवली. हो आणि नाही यांच्या मधे कुठेतरी.

*

दार ठमीनेच उघडले. किल्ली फिरायच्या आधी.

तिच्यामागे, खोलीच्या मध्यभागी, बॅग उभी होती. बॅगेच्या मुठीवर हात ठेवून बायको उभी होती. रेडिओ तिनेही ऐकला होता. तिचे डोळे ते लपवत नव्हते. कुणी दिवा लावला नव्हता.

ठमीने ओठ मिटले. तो थांबला. कितीतरी वेळ तो थांबला, आणि ते त्याला कठीण गेले नाही, आणि कठीण न जाण्याचीच त्याला भीती वाटली.

“बाबा,” ती म्हणाली. “तू मुद्दाम थांबलास ना?”

बायकोचा हात मुठीवरून हलला नाही. ती उत्तराची वाट पाहत होती. त्या बॅगेने कुठे जायचे, हे त्या उत्तरावर होते, आणि हे तिघांनाही ठाऊक होते.

खरे उत्तर त्याच्यापाशी एकच होते. ‘मला माहीत नाही.’ ते सांगायचे, हे त्याने जिन्यातच ठरवले होते. या घरात आता निदान खोटे तरी बोलायचे नाही. त्याने बोलण्यासाठी श्वास घेतला. ‘म’साठी ओठ मिटले.

ते उघडेनात.

आत कुणी हात धरला होता, की त्या बॅगेकडे पाहून तोच कचरला होता, हे त्याला या वेळीही कळले नाही. गळ्याची शीर ताठ झालेली त्याला जाणवली. नजर आपोआप बाजूला गेली, भिंतीकडे. ठमी थांबली, बाईंनी शिकवल्याप्रमाणे, चेहरा मोकळा ठेवून, घाई न करता. तिने थांबून पाहिले. पण ती शेवटी त्याचीच मुलगी होती. तिच्या मानेवरून मुंग्या चढताना त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्या.

“मुद्दाम,” तिनेच म्हणून टाकले. न अडता, लख्ख. आणि आईकडे वळली. “बघ. मुद्दाम थांबला तो.”

बायकोने बॅगेच्या मुठीवरचा हात काढला. मग ती वाकली, बॅग आडवी केली आणि पायाने ढकलत पलंगाखाली नेली. लोखंडाच्या पायाला घासत ती आत गेल्याचा आवाज झाला. ठमी हसत होती. तिने त्याचा हात धरला. त्याच्या बोटावर हिरव्या बटणाच्या खाचेचा वळ अजून होता, त्यावर तिने आपले बोट फिरवले.

तोंडातला घास कुणी काढून घेतला की कसे वाटते, हे त्याला आता कळले. त्या घासावर त्याचे घर उभे राहिले होते. बायकोने दिवा लावला. त्याचे ओठ ‘म’वर मिटलेले होते, आणि त्याने ते तसेच राहू दिले.